गल्ला तोंडी मोजते, वहीत मात्र समीकरण मांडता येत नाही

यावेळी पत्र आलंय नंदगडच्या बाजूच्या एका ताईंचं. लांब आहे, कामापुरतं कापून देतो.

«सर नमस्कार. आमचं गावात बारकं किराणा दुकान आहे. मुलगी दहावीला, मराठी मीडियम. संध्याकाळचा गल्ला तीच मोजते, चिल्लर वेगवेगळी करून पुडीत बांधायचं कामपण तिचंच, कधी रुपयाचा फरक येत नाही. पण परवा टेस्टमध्ये गणित आलं, पेटीत २ आणि ५ रुपयांची मिळून ४६ नाणी, एकूण १५८ रुपये, तर प्रत्येक प्रकारची किती? हिने लिहिलं दोनची २४, पाचची २२. उत्तर बरोबर, आणि मार्क चारपैकी एक. सरांनी लाल पेनने लिहिलंय, समीकरण कुठे आहे? मी विचारलं उत्तर कुठून आलं गं, तर म्हणते सगळी दोनचीच धरली तर ९२ होतात, ६६ कमी पडतात, एक दोनचं काढून पाचचं ठेवलं की ३ वाढतात, म्हणजे बावीस वेळा बदलायला लागतंय. समीकरण कुणी मांडून दिलं तर सोडवते, पण वाचून तूच मांड म्हटलं की पेन तोंडात घालून बसते. ह्यांचं म्हणणं ट्यूशन लावूया, पण क्लास बेळगावात, येऊन जाऊन रात्र होणार. मी नववीपर्यंत शिकलेली, घरात मला काही करता येईल काय?»

ताई, ट्यूशनचं आत्ता राहू दे. तुमच्या पत्रात मधेच ते जे वाक्य आलंय ना, सगळी दोनचीच धरली तर, ते मी दोनदा वाचलं, कारण ज्या पोरीला हे आपलं आपण सुचतं तिला गणित येत नाही असं कोण म्हणेल? तिला येतंय ते वहीत कसं उतरवायचं एवढंच कुणी दाखवलेलं नाही, आणि ते घरात, दुकानाच्या काउंटरवर बसून दाखवता येतं, नववी शिकलेल्या आईलासुद्धा. मार्क कापले म्हणून सरांवरपण रागावू नका, त्या धड्यात उत्तरापेक्षा मांडणीच तपासायची असते, नुसतं उत्तर बाजूच्या बेंचवरून बघूनसुद्धा लिहिता येतंय की.

आता बघा तिचं डोकं काय करत होतं. वहीत ती इंग्रजी एक्स आणि वाय लिहील, मी इथं क्ष आणि य लिहितो. क्ष म्हणजे दोनच्या नाण्यांची संख्या, य म्हणजे पाचच्या नाण्यांची संख्या. मग गणितातली दोन वाक्यं अशी उतरतात:

क्ष + य = ४६
२क्ष + ५य = १५८

आता पहिल्या ओळीला सगळीकडे २ ने गुणा.

२क्ष + २य = ९२

हे ९२ कुठून आले ओळखलं? तिचेच ९२ आहेत. सगळी नाणी दोनचीच धरली तर किती रुपये होतील, तेच या ओळीत लिहिलंय. आता दुसऱ्या ओळीतून ही ओळ वजा करा, क्ष उडून जातो आणि राहतं ३य = ६६. हे ६६ म्हणजे कमी पडलेले रुपये, ३ म्हणजे एका अदलाबदलीत वाढणारे रुपये, आणि य = २२ म्हणजे तिच्या बावीस वेळा. पुस्तकात हिला लोप करण्याची पद्धत म्हणतात, मोठं नाव आहे, पण तुमची पोरगी गल्ल्यावर बसून तीच पद्धत तोंडी करते. तिला आज रात्री हे एवढंच दाखवा, एका बाजूला तिचं बोललेलं वाक्य लिहा आणि त्याच्या समोर ही ओळ. पेन तोंडातून बाहेर यायला यानंच सुरुवात होईल असा माझा अंदाज आहे, कारण पोरांना समीकरण म्हणजे कुठूनतरी वरून पडलेली वस्तू वाटते आणि आपण जे मनात करतो ते अडाण्याचं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं.

मांडताना अडतं ते मात्र वेगळ्या ठिकाणी, आणि जवळजवळ सगळ्या पोरांचं एकाच ठिकाणी अडतं. नाण्याच्या गणितात दोन गोष्टी मोजलेल्या असतात, नग आणि रुपये. ४६ हे नग आहेत, १५८ हे रुपये आहेत. दुकानात हा घोळ कधी होत नाही, साबणाचे नग किती आणि साबणाचे पैसे किती हे कुणी एकमेकांत मिसळत नाही, पण वहीत क्ष आला की पोरं बिनधास्त क्ष + य = १५८ लिहून मोकळी होतात. त्याचं मूळ पहिल्याच ओळीत असतं. पोरं लिहितात, क्ष = दोनची नाणी. ही ओळ ऐकायला बरी वाटते पण ती अर्धवट आहे, कारण दोनची नाणी म्हणजे त्यांची संख्या की त्यांचे पैसे? एका ओळीत क्ष नग असतो, पुढच्या ओळीत तोच नकळत रुपये होतो, आणि मग २ ने गुणायचं का नाही हे कळत नाही. म्हणून पहिली ओळ पूर्ण लिहायची, समजा दोन रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष आहे. संख्या हा शब्द गाळायचा नाही, हात दुखला तरी. त्याच ओळीला सर लोक मार्क देतात हा वरचा फायदा.

आणि प्रत्येक समीकरण लिहून झालं की त्याच्या शेजारी पेन्सिलनं लिहू दे, नग, किंवा रुपये. डावीकडे नग असतील तर उजवीकडे नगच पाहिजेत. क्ष नग आहे, त्याला २ रुपयांनी गुणलं की २क्ष रुपये झाले, आता ते रुपयांच्याच ओळीत बसणार. एवढी पेन्सिल फिरवली तरी निम्म्या चुका तिथल्या तिथं सापडतात. एका ओळीत नग आणि रुपये मिसळलेले दिसले की ती ओळ चुकलीच, पुढं सोडवायचे कष्टसुद्धा घेऊ नयेत.

हे तिला पटवायचं असेल तर नाणी सोडा, बसचं गणित घाला. आपल्याकडं कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसमध्ये शून्य रुपयाचं तिकीट आहे, तुम्ही खानापूरहून बेळगावला जाता तेव्हा ते कागदाचं तिकीट हातात येतंच की. आता धरून चाला पुरुषांचं तिकीट ३५ रुपये (खरं किती ते सोडा), बसमध्ये ५२ माणसं, सगळी एकाच ठिकाणची, आणि कंडक्टरच्या बॅगेत ७७० रुपये जमले. बायका किती? बायकांची संख्या क्ष, पुरुषांची य. नगाची ओळ, क्ष + य = ५२. रुपयाची ओळ, ०क्ष + ३५य = ७७०. बायका सीटवर बसल्यात म्हणजे नगाच्या ओळीत त्या आहेतच, पण रुपयाच्या ओळीत त्यांची किंमत शून्य. य = २२, क्ष = ३०. ह्या एका गणितात नग वेगळे आणि रुपये वेगळे हे जितकं लख्ख दिसतं तितकं नाण्यात दिसत नाही, म्हणून मी वर्गात असतो तर नाण्याच्या आधी हेच घातलं असतं.

आणि मग सीमा ओलांडून बघा. कागलहून कोल्हापूरला लालपरीत बसलं तर तिथं १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पूर्ण तिकीट ३० धरा, ४० माणसं, ९३० रुपये. नगाची ओळ तीच राहिली, क्ष + य = ४०, फक्त रुपयाच्या ओळीत शून्याच्या जागी १५ आले, १५क्ष + ३०य = ९३०. पोरगी तोंडी करेल बघा, सगळ्यांना अर्धं धरलं तर ६००, कमी पडले ३३०, एका पुरुषामागं १५ वाढतात, २२ पुरुष, १८ बायका. तिला म्हणा आता हेच ओळीत लिही.

दुसरी अडचण तुमच्या पत्रात नाही, पण येणारच आहे म्हणून सांगतो. गणितात एकूण नाणी किती ते सरळ देत नाहीत, तिरकं देतात. उदाहरणार्थ, एका डब्यात १० रुपयांची नाणी ५ रुपयांच्या नाण्यांच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी आहेत, एकूण रक्कम ३४५. पाचच्या नाण्यांची संख्या क्ष, दहाच्या नाण्यांची संख्या य. आता शंभरातली बरीच पोरं लिहिणार क्ष = २य − ३, म्हणजे नेमकं उलटं, कारण दुप्पट नेमकी कुणाची ते न बघता ती कुठंतरी २ लावून टाकतात. ही चूक फक्त आपल्या पोरांची नाही. १९८० च्या आसपास अमेरिकेत जॉन क्लेमंट नावाच्या संशोधकानं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारलं होतं, कॉलेजात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा. एक तृतीयांशापेक्षा जास्त पोरं चुकली, आणि चुकलेल्यांतल्या बहुतेकांनी लिहिलं ६वि = प्रा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या संख्येची सहापट केली की प्राध्यापक! इंग्रजी वाक्य डावीकडून उजवीकडं जसं वाचलं तसं उतरवलं, आधी सहापट विद्यार्थी, मग प्राध्यापक. इंजिनिअर होणारी पोरं चुकतात तर दहावीच्या पोरीला ओरडण्यात अर्थ नाही.

यावर औषध सोपं आहे, खोटा आकडा घालून बघायचा. पाचची नाणी १० असती तर दहाची किती असती? दुप्पट वीस, तीन कमी, सतरा. म्हणजे क्षच्या जागी १०, यच्या जागी १७. आता दोन्ही ओळी तपासा. क्ष = २य − ३ मध्ये घातलं तर १० = ३१, हे होत नाही. य = २क्ष − ३ मध्ये घातलं तर १७ = १७. झालं, हीच बरोबर. हा आकडा पेपराच्या कोपऱ्यात कच्च्या कामात लिहायचा, उत्तरात नाही. पुढं ५क्ष + १०(२क्ष − ३) = ३४५, २५क्ष = ३७५, पाचची १५, दहाची २७. ताळा करा, ७५ आणि २७०, बरोबर ३४५.

वाचायचंपण बघा जरा. आपल्या मराठी माध्यमाच्या पुस्तकातली वाक्यं कडक असतात, घरात कुणी असं बोलत नाही, आणि पोरं सगळं गणित एका दमात वाचून मग घाबरतात. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, ते घरच्या बोलीत मोठ्यानं सांगायचं, दहाची नाणी पाचच्या डबलला तीन कमी हाय, आणि मगच लिहायचं. इथंच तुमचं काम आहे ताई. तुम्हाला क्ष-य यायची गरज नाही, तिनं वाक्य तुम्हाला सांगायचं आणि तुम्हाला कळलं तर ते तिला कळलं. तुम्हाला कळलं नाही तर तिनं परत वाचायचं. गिऱ्हाईक आलं तर द्या सामान आणि परत बसा.

जुनी गाईडं घरात असतील, दादाची ताईची, त्यात चार आणे आठ आण्याची गणितं असतात. २५ पैशाचं नाणं ३० जून २०११ पासून बंदच झालं, तुमच्या मुलीनं ते बघितलंसुद्धा नसेल, तिला चार आणे म्हणजे काय ते आधी सांगायला लागेल. पण ती गणितं टाकून देऊ नका, त्यात एक चांगला खड्डा आहे. २५ आणि ५० पैशांची मिळून ३० नाणी, एकूण साडेअकरा रुपये. पोरं लिहितात २५क्ष + ५०य = ११.५०. डावीकडं पैसे, उजवीकडं रुपये. आमची पेन्सिल इथंपण चालते, शेजारी काय लिहिणार? दोन्ही बाजू पैशात करा, २५क्ष + ५०य = ११५०, मग सगळ्याला २५ ने भागा, क्ष + २य = ४६, आणि क्ष + य = ३० आहेच, वजा केलं की य = १६, क्ष = १४. आठ आणे मात्र कागदावर अजून चालतात बरं का, दुकानात कुणी घेत नाही ही गोष्ट वेगळी.

चालण्यावरून आठवलं, तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय ते मी वर कापलं होतं, की दहाचं नाणं गावात कुणी घेत नाही म्हणून ते गल्ल्यात पडून राहतं, ते खरंच बंद झालंय काय. नाही झालेलं. वेगवेगळ्या डिझाइनमुळं लोकांना खोटं वाटतं, रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही आहेत, पण रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की तोपर्यंतची चौदाच्या चौदा डिझाइनं चालतात. विसाचं बारा कोनाचं नाणंपण चालतं. तुम्ही घ्या आणि गिऱ्हाइकाला द्यापण. फक्त कुणी नुसत्या चिल्लरीत मोठं बिल भागवायला आलं तर कायद्यानं एका वेळी हजार रुपयांच्या वरची नाणी घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही, तेवढं लक्षात ठेवा.

तर परत गणिताकडं. तीन प्रकारची नाणी आली की पोरं म्हणतात तीन अक्षरं पाहिजेत, तीन समीकरणं पाहिजेत, आम्हाला दोनच शिकवलीत. थांबायला सांगा. दहावीच्या गणितात तिसरं नाणं आलं तर बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाशीतरी बांधलेलं असतं. १, २ आणि ५ रुपयांची मिळून ४० नाणी, रक्कम ११६, एकची जितकी तितकीच दोनची. मग दोनच्यांना वेगळं अक्षर कशाला, दोघांनाही क्ष. नगाची ओळ क्ष + क्ष + य = ४०, रुपयाची ओळ १क्ष + २क्ष + ५य = ११६. म्हणजे २क्ष + य = ४० आणि ३क्ष + ५य = ११६. इथं क्षच्या आधी २ आणि ३ का आले ते तिला विचारा, आणि उत्तर नग आणि रुपये या दोन शब्दांत आलं पाहिजे. सोडवलं की क्ष = १२, य = १६.

अजून एक प्रकार मला फार आवडतो, परीक्षेवाल्यांनापण आवडतो. पाचची आणि दहाची नाणी मिळून २०० रुपये होतात, पण पाचची जितकी तितकी दहाची आणि दहाची जितकी तितकी पाचची असती तर २३५ झाले असते. यात नगाची ओळ नाहीच! दोन्ही ओळी रुपयांच्या, ५क्ष + १०य = २०० आणि १०क्ष + ५य = २३५. अदलाबदल नगांची झाली, किंमत आपल्या जागी राहिली, हे ध्यानात आलं की दुसरी ओळ लिहिता येते. सोडवताना गुणाकाराच्या नादी लागू नये, दोन्ही ओळी बेरीज करा, १५क्ष + १५य = ४३५, म्हणजे क्ष + य = २९. दुसरीतून पहिली वजा करा, ५क्ष − ५य = ३५, म्हणजे क्ष − य = ७. आता तोंडीच, १८ आणि ११. परीक्षेत वेळ वाचतो आणि तपासणाऱ्या सरांनापण बरं वाटतं.

उत्तर बरोबर आहे का हे नाण्याच्या गणितात कुणाला विचारायची गरजच नसते, ही याची मजा आहे. नाणं अर्धं नसतं आणि उणे नसतं. तुमच्याच गणितात १५८ ऐवजी १५९ घालून बघा, ३य = ६७ येतं, य पूर्ण संख्या येत नाही, म्हणजे एकतर आकडा चुकीचा उतरवलाय किंवा वजाबाकी चुकलीय. आणि सोडवायच्या आधीपण एक अंदाज असतो, ४६ च्या ४६ दोनची धरली तर ९२, सगळी पाचची धरली तर २३०, रक्कम या दोघांच्या मधेच असणार. कुणी २५० सांगितलं तर गल्ल्यात गडबड आहे असं तुमची मुलगी पेन न उचलता सांगेल. हे तिचं तोंडी गणित बंद करायला लावू नका, उलट मांडणीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा वापरायला सांगा. फक्त मधली पानं भरायची.

सराव कसा करायचा, तर गाईड आणू नका इतक्यात. रात्री गल्ला झाला की दोनच पुड्या घ्यायच्या, समजा दोनची आणि दहाची, तिनं मोजायच्या, नग आणि रुपये एवढेच दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडं द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही ती चिठ्ठी परत तिला द्यायची, तोपर्यंत ती विसरलेली असते. मग वहीत पहिली ओळ संख्या शब्दासकट, मग नगाची ओळ, मग रुपयाची ओळ, शेजारी पेन्सिल. सोडवून झालं की पुड्या उघडून मोजायच्या. हे थोडे दिवस झाले की उलटं करा, तिला म्हणा तूच आता गणित तयार कर, दुप्पट, ने कमी, अदलाबदल असले शब्द घालून, आणि बाजूच्या घरातल्या पोराला घाल. जी पोरं गणित तयार करायला शिकतात ती मांडायला अडत नाहीत, कारण त्यांना आतून माहीत असतं की प्रश्न विचारणाऱ्यानं कुठला आकडा कुठं लपवलाय. शाळेत हे करून घेतलं पाहिजे खरं तर, पण वेळ कुणाला आहे तिथं.

ह्या सगळ्यानंतरही सहामाहीपर्यंत जमत नसेल तर ट्यूशनचा विचार करा, आणि तेव्हाही बेळगावच कशाला, शाळेतल्याच सरांना सांगा की रोज सुटल्यावर दहा मिनिटं तिची वही बघा, बहुतेक सर नाही म्हणत नाहीत.

जाता जाता तिच्यासाठी एक जुनं गणित देतो, नाण्याचंच म्हणा, पैशाचं. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं आहे. तेव्हा क्ष-य नव्हते, अज्ञात संख्यांना ते लोक रंगांची नावं द्यायचे, कालक, नीलक, पीतक. तर एकजण म्हणतो, मित्रा मला शंभर दे, म्हणजे माझ्याकडं तुझ्या दुप्पट पैसे होतील. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे माझ्याकडं तुझ्या सहापट होतील. दोघांकडं किती? यातला खड्डा असा की पहिल्याला शंभर मिळाले तेव्हा दुसऱ्याचे शंभर गेलेपण, पोरं एकाच बाजूला अधिक करतात आणि दुसऱ्या बाजूचं वजा करायचं विसरतात. उत्तर मी आधीच सांगून टाकतो, ४० आणि १७०, म्हणजे तिला फक्त मांडायचंच काम उरेल. दोन ओळी मांडल्या की वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवा, बघतो.